केसाने हवा मोजणारी

वेधशाळेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी एक छोटी पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यात खुडबुडीबद्दल मी लिहावं, असं तिच्या भाचीचं म्हणणं पडलं. मी नाही म्हणून पाहिलं. माझी हयात नकाशांवर रेघा ओढण्यात गेली, वाक्यं ओढायची मला सवय नाही. ‘तीच का लिहीत नाही?’ असंही विचारलं. तर म्हणे तिला वेळ नाही, ती कामात आहे. या वयातही ती कामातच असते आणि मी रिकामा, त्यामुळे हे माझ्या गळ्यात पडलं. तिच्या शोधांबद्दल आणि मानसन्मानांबद्दल जाणत्यांनी लिहिलेलंच आहे. मी फक्त ती यंत्रशाळेत कशी घुसली तेवढं सांगतो. घुसली हा शब्द तिचा. बाकी काही चुकलं तर ती वाचून ओरडेलच.

ती माझी मावसबहीण. माझ्याहून थोडी लहान, पण ते तिला कधी पटलं नाही. घरात सगळे तिला खुडबुडी म्हणायचे, कारण जागेपणी तिचा हात रिकामा असलेला कोणी पाहिला नव्हता. कुलूप दिसलं की उघडून बघणार, गाठ दिसली की सोडवून बघणार. मला ती मुक्या म्हणायची. का ते सांगायला नको.

तिचे वडील, म्हणजे माझे काका, छत्र्या दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. पुढे लाकडी फळी, मागे आडव्या दोरीवर टांगलेल्या छत्र्या, कोपऱ्यात वाकड्या काड्यांचा भारा. मागच्या दारातून आत गेलं की मावशीचं स्वयंपाकघर. काका दिवसभर तोंडात सुई-दोरा धरून बसायचे आणि तसंच बोलायचेही. ते ज्यांना कळायचं ती घरची माणसं, ज्यांना कळायचं नाही ती गिऱ्हाइकं.

छत्र्या टांगायची दोरी काही दिवस ताठ असते आणि काही दिवस ढिली पडते, हे खुडबुडीने अगदी लहानपणी हेरलं. दोरी ढिली पडली की छत्र्यांची टोकं खाली यायची. ती भिंतीवर कोळशाने खुणा करायला लागली. ओली हवा असली की दोरी आखडते आणि छत्र्या वर चढतात, कोरडी असली की खाली येतात.

“बाबा, आज छत्र्या वर गेल्यात. गिऱ्हाईक येणार.”

“गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. तू भिंत काळी केलीस, ती आधी पूस. तुझी आई आली तर दोघांनाही उन्हात वाळत घालेल.”

भिंत पुसली गेली, खुणा पुन्हा झाल्या. शेवटी काकांनीच भिंतीच्या त्या भागावर जुन्या छत्रीचं काळं कापड ठोकून दिलं आणि हातात खडू दिला. तिची पहिली प्रयोगशाळा ही.

मुलींच्या शाळेत विज्ञान नव्हतं. एक कपाट मात्र होतं, ‘विज्ञान’ असं लिहिलेलं, आणि त्याची किल्ली मागच्या कुठल्यातरी मुख्याध्यापिकेबरोबर निवृत्त झाली होती. खुडबुडीने एक दिवस छत्रीच्या काडीने ते कुलूप उघडलं. आत कागदात गुंडाळलेला लोहचुंबक, काचेचा लोलक आणि एक तापमापक. मुख्याध्यापिका बाईंनी आधी तिला वर्गाबाहेर उभं केलं. मग थोड्या वेळाने स्वतः बाहेर आल्या, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, “अगं, ते तिकोनी काय आहे गं?” लोलकातून पडलेले रंग त्या दोघींनी व्हरांड्यात, शिक्षा चालू असतानाच पाहिले.

कॉलेजात विज्ञान शिकणारी ती एकटीच मुलगी. तिथे प्रयोग जोडीने करायचे असत, एकाने यंत्र धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. हिच्या जोडीला कोणी यायला तयार नव्हतं. एक जण आला होता, पण बाकीच्यांनी त्याला इतकं चिडवलं की त्याने विषयच बदलला. मग ही दोन्ही कामं एकटी करायला लागली. डाव्या हाताने धरायचं, उजव्या हाताने लिहायचं, आणि आकडा वाचायला मान अशी वळवायची की आत्या म्हणायची, “मुलीची मान आखडलीय, वैद्याला दाखवा.” आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. तिच्या पिशवीत कायम एखादं तरी स्थळ तयार असायचं.

शिकून झाल्यावर वेधशाळेत खुडबुडीला काम मिळालं ते आकड्यांच्या बेरजा करण्याचं, तेही मोसमापुरतं. मी आधीपासून तिथे नकाशाघरात होतो. बेरजा ती चटकन उरकायची आणि उरलेला वेळ आवारात मागे असलेल्या यंत्रशाळेच्या दारात जाऊन उभी राहायची. आत जाता येत नव्हतं. दारावर पाटी होती, ‘लांब केस अथवा लोंबते कपडे असणाऱ्यांस प्रवेश नाही.’ ही पाटी लावली तेव्हा वेधशाळेत बाई नावाला नव्हती. कविता करणाऱ्या एका फिटरसाठी ती लावली होती, असं मिस्त्री सांगायचे. मिस्त्री म्हणजे यंत्रशाळेचे सर्वेसर्वा. सरळ बोलले तरी ओरडल्यासारखे वाटायचे आणि ओरडले तर धातू कातायचा लेथ बंद पडलाय की काय, असं लोकांना वाटायचं.

दारातून तिला समोरच्या फळीवर मांडून ठेवलेली ओलावा मोजायची यंत्रं दिसायची. या यंत्रात पितळी चौकटीत माणसाच्या केसांची एक जुडी ताणून बसवलेली असते. हवा ओली झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखूड होतो, म्हणजे दोरीच्या बरोबर उलटं. केसाइतका तो फरक, आणि तो खरोखरच केसाइतका असतो, एक तरफ मोठा करून दाखवते. टोकाला लेखणी असते, ती फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढते. यंत्रांचे केस परदेशातून यायचे, बारीक आणि सोनेरी. मग ते यायचे बंद झाले. का, ते वरच्या कोणाला तरी माहीत असेल. जुने केस तुटत गेले आणि एकेक यंत्र फळीवर जाऊन बसलं. यंत्रशाळेत त्यांना ‘टकली’ म्हणायचे. चालू असं एकच उरलं होतं.

खुडबुडी साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे वेधशाळेचे प्रमुख.

“साहेब, केस इथलेच वापरून बघूया का? माझे देते.”

साहेबांचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर होतं, ‘बघू.’ खुडबुडीने त्या बघूचे प्रकार पाडले होते. मान खाली घालून म्हटलेलं बघू म्हणजे नाही. चष्मा पुसत म्हटलेलं बघू म्हणजे विसरलो. खिडकीकडे पाहत म्हटलेलं बघू म्हणजे खरंच बघू. त्या दिवशी ते खिडकीकडे पाहत होते.

मिस्त्री भडकले. “साहेब, माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत. इथला केस म्हणजे जाड. त्यापेक्षा सुतळी बांधा!”

पण साहेबांनी सांगितलं ते असं. एक टकलं यंत्र बाईंना द्यायचं. बाईंनी त्याला केस बसवायचे. मोसम संपेपर्यंत ते चालू यंत्राच्या शेजारी ठेवायचं. दोघांच्या रेघा जुळल्या तर बाई कायमच्या यंत्रशाळेत. नाही जुळल्या तर मोसमाबरोबर बाईंची नोकरीही संपली.

“आणि पाटीचं काय?” मिस्त्रींनी विचारलं. “केस लांब आहेत बाईंचे. लेथमध्ये गेले म्हणजे?”

त्यावर उपाय काकांनी काढला. छत्रीच्या काळ्या कापडाची एक टोपी शिवून दिली, चांगली खोल, वेणी गुंडाळून आत बसेल अशी. टोपी इतकी छत्रीसारखी दिसायची की पहिल्याच दिवशी एका टर्नरने विचारलं, “बाई, ही उघडते कुठून?” त्या दिवसापासून यंत्रशाळेत ती छत्रीबाई. आत जायची परवानगी मात्र जेवणाच्या सुट्टीपुरती मिळाली, लेथ बंद असताना. बसायला टेबल नाही. त्यामुळे बारीक काम ती घरी, दुकानात करायला लागली.

मग दुकानात सुरू झाला केसांचा बाजार. छत्र्यांच्या दोरीवर आता केस लोंबायला लागले, आणि प्रत्येकाच्या टोकाला छत्रीच्या काडीचं एक छोटं टोपण वजन म्हणून. खाली मावशीची किटली. वाफ आली की कोणता केस किती लांबतो हे खुडबुडी भिंगातून बघत बसायची. शेजारपाजारच्या बायकांचे केस आले, लहान मुलींचे आले, आत्याचा एक पांढराही आला.

“माझा कशाला?” आत्या म्हणाली. “आणि अगं, केस डोक्यावर सांभाळायचे असतात, भिंतीला टांगायचे नसतात! पाहुणे आले तर काय सांगू, मुलगी काय करते?”

“सांग, गळते,” काका सुई दातात धरून म्हणाले.

“तुमचे द्या ना बाबा.”

काकांनी आपल्या चकाकत्या डोक्यावरून हात फिरवला. “माझं यंत्र फळीवर गेलंय.” मग सुई काढून म्हणाले, “केसाने गळा कापणारे पुष्कळ पाहिले, पोरी. केसाने हवा मोजणारी तू पहिलीच.”

गिऱ्हाइकं दचकायची. एका गृहस्थाने दुरुस्तीला दिलेली छत्री तशीच परत नेली. तिला कोणी केस लावले तर, म्हणाला.

मिस्त्रींचं बरोबर होतं, केस जाडच होते. पण मानेवरचे, वेणीत न येणारे केस निराळे असतात, हे खुडबुडीच्या लक्षात आलं. ते बारीक, मऊ, आणि वाफ लागताच लांबणारे. तिने मानेवरचे स्वतःचे केस कापले. वरून वेणी सोडली की काही दिसायचं नाही. पण मावशीने पहिल्याच आठवड्यात न्हाऊ घालताना पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

“उंदराने कुरतडल्यासारखं केलंयस गं! माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर कात्री चालवलीस!”

“आई, केस माझे आहेत.”

“डोकं तुझं. केस माझे!”

आणि ते खरंच होतं. त्या केसांना तेल कोणतं, किती, कधी, हे सगळं मावशीच्या ताब्यात होतं. दोन दिवस मावशीने तिला सगळ्यांच्या शेवटी वाढलं. तिसऱ्या दिवशी तिने खुडबुडीच्या ताटात आधी वाढलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की मिटलं.

खुडबुडीने ते केस साबणाने धुतले, मग ईथरमध्ये बुडवले, म्हणजे तेलाचा अंश राहायला नको. मग शुद्ध पाण्यातून काढून सावलीत वाळवले आणि त्यांच्या दोन जुड्या बांधल्या. एक यंत्रासाठी, दुसरी ती तुटली तर म्हणून. दोन्ही स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवल्या. एक जुडी दुसऱ्या दिवशी यंत्रात बसली.

आवारातल्या गवतावर झडपांच्या भिंतींची एक पांढरी पेटी आहे. पाऊस-ऊन आत येत नाही, हवा येते. तिच्यात जुनं यंत्र आणि नवं यंत्र शेजारी शेजारी ठेवलं. यंत्रशाळेतल्यांनी लगेच बारसं केलं, एक सोनी आणि एक काळी. चहाच्या वेळी विचारणा व्हायची, “आज कोण पुढे?”

आणि रोज उत्तर एकच, सोनी.

काळी चालत होती, पण आळशासारखी. हवा ओली झाली की सोनीची रेघ लगेच वर जायची, काळी मागाहून, कंटाळत. हवा सुकली की सोनी खाली उतरायची, काळी वरच रेंगाळत बसायची. दोन्ही कागद माझ्याकडेच यायचे, नकाशात भरायला. ते तिला दाखवायला नेताना मी लांबच्या वाटेने जायचो.

“छत्रीबाई, तुमची काळी उठली का झोपेतून?”

“उठली. तोंड धुतेय,” ती म्हणायची. उत्तर द्यायला ती कधी चुकली नाही, पण हळूहळू तिची उत्तरं आखूड व्हायला लागली. तिने तरफ बदलली. खीळ बदलली. लेखणी हलकी केली. नळकांडं सोडून पुन्हा बसवलं. काहीही फरक नाही.

“दुसरी जुडी लावून बघ,” मी एकदा म्हणालो.

“मुक्या, डोकं एक, कात्री एक, ईथरची बाटली एक. एकाच दिवशी धुतलेले केस. दुसरी वेगळी कशाला वागेल? खोट यंत्रात आहे, केसात नाही.”

मला ते पटलं. तिचं बोलणं पटायचंच.

तिकडे आत्याने स्थळ नक्की करत आणलं. लोखंडाच्या दुकानाचा मालक, स्वभावाने शांत. “मोसम संपला की बघायला येतील,” ती म्हणाली. त्या आठवड्यात काकांनी एका छत्रीला कापड उलटं लावलं.

शेवटी साहेबांनी कागद पाहायचा दिवस उजाडला. खुडबुडी सकाळीच यंत्रशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली, अजून बारीक खीळ मिळते का विचारायला. मिस्त्री लेथवर वाकलेले होते.

“एवढी शेवटची, मिस्त्री.”

“बाई, खीळ बदलली, तरफ बदलली, लेखणी बदलली!” मिस्त्री ओरडले. म्हणजे या वेळी खरंच ओरडले. “आता ते यंत्र गेलं तेल लावत! मला माझं काम करू द्या!”

टर्नर खुसखुसले. मिस्त्रींनी स्वतःच जीभ चावली, बाईमाणसासमोर असं बोलायचं नसतं. पण खुडबुडी रागावली नाही. ती तशीच उभी.

“काय म्हणालात?”

“तोंडातून निघून गेलं, बाई. माफ करा.”

“नाही, नाही. पुन्हा म्हणा.”

“काय?”

“तेच. काय लावत?”

“बाई, लाज नका आणू.”

तोवर ती पळत सुटली होती. नकाशाघराची खिडकी त्या गवताकडेच उघडते, म्हणून पुढचं मी पाहिलं. टोपीसकट तिने अख्खं डोकं पांढऱ्या पेटीत घातलं. बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग आतूनच ओरडली, “मुक्या! इकडे ये!”

मी गेलो. तिने मला जुडीपाशी वाकवलं. कुठूनशी उडत आलेली एक म्हातारी, ते कापसासारखं बी, केसांना चिकटून बसली होती.

“वास घे.”

मी घेतला.

“कसला आहे?”

“मावशीचा,” मी म्हणालो.

मावशी त्याच सुमाराला फाटकातून आत येत होती. खुडबुडी डबा रोज घरी विसरायची आणि मावशी तो रोज आणून द्यायची, जाता जाता शिपायाला ऐकवून. खुडबुडी तिच्याकडे धावली.

“आई! माझ्या जुडीला हात लावलास?”

“हात कसला लावतेय? बोट लावलं.”

“तेलाचं?”

“मग कशाचं?”

आरडाओरडा ऐकून मिस्त्री आणि टर्नर बाहेर आले होते. व्हरांड्यातून साहेबही उतरून आले. खुडबुडीला सावरून घ्यायची सोय होती. तिने तोंड मिटून घेतलं असतं, तर ‘यंत्र जमलं नाही’ एवढंच झालं असतं. आईने यंत्राच्या केसांना तेल लावलं, यावर मात्र वेधशाळा जन्मभर पुरवून पुरवून हसली असती. ती साहेबांकडे वळली आणि सरळ म्हणाली, “साहेब, काळी का मागे पडते ते कळलं. माझ्या आईने तिला तेल लावलंय.”

एक टर्नर गवतावर बसलाच हसत. मावशीला काय चुकलं ते कळेना, पण आपल्याला हसतात एवढं कळलं, आणि तिने पदर खोचला.

“हसायला काय झालं? अहो साहेब, हिने कुठल्या औषधात बुडवले होते कोण जाणे, केसांचं गवत झालं होतं, गवत! म्हटलं, पोरीचे केस चार लोकांत जाणार, असे पिंजारलेले बरे दिसतात का?”

साहेब हसले नाहीत. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“किती लावलंत?”

“बोटभर.”

“बोटभर म्हणजे नेमकं किती?”

मावशीने बोट पुढे केलं. साहेबांनी तापमापक पाहतात तसं वाकून ते पाहिलं.

“आणि दुसऱ्या जुडीला?”

“तिलाही लावणार होते हो. तेवढ्यात दूध उतू गेलं.”

खुडबुडीने आईचे दोन्ही खांदे धरले. “म्हणजे दुसरी कोरडी आहे?”

“कोरडी म्हणजे! बघवत नाही.”

खुडबुडी घराकडे धावणार तोच मिस्त्री आडवे आले. “थांबा! साहेब, हे असं नाही चालायचं. आत्तापर्यंत यंत्र चुकलं, आता तेलाचं निमित्त काढून काहीतरी करतील. दुसरी जुडी मी आणणार, मी बसवणार. बाईंनी हात लावायचा नाही. आणि बाईंच्या आईने तर मुळीच नाही.”

“चालेल,” खुडबुडी म्हणाली. “फक्त चिमट्याने धरा. केसालाही धक्का लागता कामा नये.”

“मला शिकवू नका.”

साहेबांनी आकाशाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “मोसमाचे थोडे दिवस आहेत अजून. आणखी एक यंत्र काढा. तेलाची जुडी तशीच राहू दे, बिनतेलाची तिच्या शेजारी लावा. दोन्ही बघायच्या.”

मिस्त्री स्वतः मावशीच्या घरी गेले. फळीवरचा केसांचा डबा स्वतः उतरवला. मावशीने त्यांना चहा दिला आणि जाताना, “तुमच्याही डोक्याला कोणी बघत नाही वाटतं घरी,” असं म्हणाली. त्यांनी जुडी आणली, तिचा वास घेतला, चष्मा लावून उजेडात धरली, बसवली, आणि पेटीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. दुसऱ्यांदा धुवायला नको, हातसुद्धा लावायला नको, असं म्हणत खुडबुडी दिवसभर पेटीभोवती घिरट्या घालत राहिली, पण अंतर ठेवून.

पहिले काही दिवस हवा एकसारखी राहिली, त्यामुळे कळेना. मग एका दुपारी, दाटलेलं सगळं आभाळ फाडून कोरडा वारा सुटला. अर्ध्या तासात अंगावरचे कपडे हलके झाले. मिस्त्रींनी किल्ली काढली, तिन्ही कागद सोडले आणि माझ्या हातात दिले. मी ते काचेवर एकावर एक ठेवले. सोनीची रेघ उतरली होती, आणि नव्या काळीची तिच्यावर अशी बसली होती की मधे पेन्सिलचं टोक जाईना. तेलवाली वरच होती, तिला अजून वारा सुटल्याचा पत्ताच नव्हता.

मी कागद यंत्रशाळेत नेले. टेबलावर पसरले. मिस्त्री पुष्कळ वेळ त्यांच्यावर वाकून राहिले. मग ताठ झाले, खुडबुडीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “बाई, तुमचे केस फार छान आहेत हो.”

आपण काय बोललो हे मिस्त्रींना मागाहून कळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“म्हणजे, यंत्राचे!” ते ओरडले. “यंत्राचे केस!”

“आईला सांगते,” खुडबुडी म्हणाली. “तिला आवडेल.”

त्या मोसमाच्या शेवटी खुडबुडीला यंत्रशाळेत कायमची जागा मिळाली, आणि तिचा पहिला निबंध छापून आला तो केसांवरच्या तेलाने यंत्र किती मागे पडतं यावर. त्यात ‘बोटभर’ हे माप कुठेच नव्हतं. तेल तिने तराजूत तोलून घेतलं होतं. आत्याने स्थळ दुसऱ्या एका भाचीकडे वळवलं. त्यांचा संसार चांगला झाला.

पण जागा मिळाली म्हणजे बसायला मिळालं, असं नव्हतं. यंत्रशाळेत टेबल टाकायला कोपरा शिल्लक नव्हता. मिस्त्रींनी दोन दिवस ‘जागा नाही’ म्हणून पाहिलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डाग लावायच्या, म्हणजे पितळेचे सांधे जोडायच्या टेबलाची एक बाजू मोकळी करून दिली, खिडकीखालची. खुडबुडी सकाळी आली, टोपी घातली, बसली, आणि तिने पहिलं काम केलं ते खिडकी उघडण्याचं. मिस्त्रींच्या हातातल्या दिव्याची ज्योत फडफडून विझली.

“बाई, खिडकी लावा. डाग लागत नाही.”

“मिस्त्री, खिडकी राहू दे. केसांना मोकळी हवा लागते.”

“इथे पितळ जोडतात, केस वाळत घालत नाहीत.”

“मग पितळ तिकडे न्या.”

“टेबल माझं आहे!”

“अर्धं.”

मिस्त्री निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत हे भांडण मिटलं नाही. शेजारच्या खोलीत मी नकाशावर वाकलेला असायचो, आणि ती खिडकी उघडी आहे की बंद, हे मला मान वर न करता कळायचं. दोघांपैकी कोण ओरडतंय, एवढंच ऐकायचं.